एकेचाळिसावी ओळ

मित्रांनो, माझ्याकडे कितीही निरखून पाहिलंत तरी तुम्हाला काही दिसायचं नाही. मला रंग नाही, वास नाही, हातात धरायला मूठ नाही. मी सेटिंगची एक फाईल आहे. वय विचाराल तर सहा वर्षं. तुम्हाला हसू येईल, पण आमच्या जातीत सहा वर्षांची म्हणजे पणजी. माझ्याबरोबर जन्मलेल्या कितीतरी जणी केव्हाच पुसल्या गेल्या. मी राहिले. का राहिले, ते सांगण्यासाठीच आज तोंड उघडलं आहे.

जावा बेटावर, तंबाखूच्या उतारांखाली, वातुकेम्बांग नावाचं गाव आहे. तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात नऊ संगणक आहेत. त्या नऊ जणांनी कधी उठायचं, कधी झोपायचं, कोणाला कोणती माहिती दाखवायची, हे सगळं बघणारं एक सॉफ्टवेअर आहे. आपण त्याला कारभारी म्हणू. कारभारी हुशार खरा, पण स्वतःच्या मनाने काडीसुद्धा हलवत नाही. प्रत्येक कामाआधी तो माझ्याकडे येतो आणि माझ्या ओळी वाचतो. माझ्या अंगावर दोनशे बारा ओळी आहेत. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. पासवर्ड किती अक्षरांचा? दहा. कोणी हात लावला नाही तर पडदा किती वेळाने बंद करायचा? पंधरा मिनिटांनी. असं सगळं.

जे लिहिलं आहे तेच मी सांगते. जे लिहिलेलं नाही, ते मला कितीही ठाऊक असलं तरी सांगता येत नाही. सांगकामी म्हणतात ना, ती मीच.

तुम्ही म्हणाल, मग तुला एवढ्या गोष्टी कळतात कशा? माझी एक प्रत केंद्रातल्या मोठ्या संगणकात राहते आणि दुसरी माझ्या आईच्या लॅपटॉपमध्ये. माणसं यंत्रासमोर अगदी मोकळेपणाने बोलतात. भिंतींना कान असतात हे त्यांच्या लक्षात असतं, पण आमचा त्यांना विसर पडतो.

माझी आई टियुर्मा मनालू. ती सुमात्रा बेटावरच्या बाताक लोकांपैकी, नोकरीसाठी जावावर, जोग्या शहरात आलेली. बाताक माणसं प्रेमाने बोलली तरी शेजाऱ्यांना वाटतं, भांडण पेटलं. टियुर्मा तर ऑफिसात माझी एकेक ओळ मोठ्याने वाचायची आणि तिच्याशी हुज्जत घालायची.

"तू कशाला हवीस गं? सांग ना! तुझ्यावाचून कोणाचं अडणार आहे?"

ओळ बिचारी काय सांगणार? मग टियुर्मा ती खोडून टाकायची. तिच्या आधीच्या माणसाने मला चारशेच्या वर ओळी दिल्या होत्या. टियुर्माने त्या छाटून दोनशे बारावर आणल्या. ती म्हणायची, "एकेक सेटिंग म्हणजे आपल्याला ठरवता आलं नाही म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारलेला प्रश्न. नर्सबाईने पेशंट बघायचा की आमचे प्रश्न सोडवायचे?" मला हे तिचं बोलणं फार आवडायचं. अजूनही आवडतं. ती निष्काळजी नव्हती, मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवते. ती निष्काळजी असती, तर मला तिच्यावर रागावता तरी आलं असतं.

माझी एकेचाळिसावी ओळ म्हणजे आठवड्याच्या देखभालीचा वार. त्या वेळी कारभारी सगळे संगणक बंद करतो, झाडलोट करतो, नव्या दुरुस्त्या बसवतो आणि चार तासांनी पुन्हा उघडतो. बेचाळिसावी ओळ: देखभाल पुढे ढकलता येईल का? उत्तर, नाही. त्रेचाळिसावी: मधेच थांबवण्याचा अधिकार कोणाला? उत्तर, फक्त जोग्याच्या ऑफिसला.

बेचाळिसाव्या ओळीत आधी 'हो' होतं. पण दुसऱ्या एका केंद्रातल्या लोकांनी 'नंतर, नंतर' करत अकरा महिने देखभाल होऊच दिली नाही, आणि एक दिवस बाहेरून कीड शिरली आणि हजारो रुग्णांच्या नोंदी गिळून बसली. ते कळलं त्या दिवशी टियुर्मा जेवली नाही. तिने 'हो' पुसून 'नाही' लिहिलं. म्हणजे त्या 'नाही'मागेही काळजीच होती.

एकेचाळिसाव्या ओळीची उजवी बाजू मात्र तिने कोरी ठेवली. वार कोणता, ते केंद्रातल्या लोकांना विचारून ठरवायचं होतं. म्हणून ती लॅपटॉप आणि पडदा घेऊन वातुकेम्बांगला आली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा माझं सासर पाहिलं. एक लांबट खोली, बारा-तेरा माणसं, प्रत्येकापुढे खाऊचा डबा आणि त्यात केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात. समोर नोंदणीचे कारकून पाक सार्जोनो. इथे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात आणि बाईला बु. सार्जोनो एकतीस वर्षं त्याच खिडकीत बसलेले. त्यांच्या शेजारी दाई बु विनार्सिह, बुटकी, ठसठशीत, जिच्या हातून अर्ध्या गावाचा जन्म झालेला. टियुर्माने भिंतीवर पडदा लावला. त्या भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं होतं. ते पडद्यामागे गेलं.

त्या कॅलेंडरात प्रत्येक तारखेखाली दोन वार छापलेले होते, मित्रांनो. एक आपला सात दिवसांच्या आठवड्याचा. दुसरा जावाच्या जुन्या, पाच दिवसांच्या आठवड्याचा: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. वातुकेम्बांगचा बाजार पोनला भरतो. दर पाचव्या दिवशी डोंगरावरच्या वाड्यांमधून बायामाणसं खाली उतरतात, तंबाखू आणि भाजी विकतात, मीठ आणि खारी मासळी घेतात आणि त्याच खेपेला दवाखाना उरकतात. म्हणून फार वर्षांपासून हे केंद्र पोनला उघडं असतंच. पोन सोमवारी येवो की रविवारी. सरकारी कागदावर मात्र रविवार सुट्टीचाच.

टियुर्माच्या गावी पोन नाही. तिने खणखणीत आवाजात विचारलं, "मग देखभालीचा वार कोणता ठेवायचा? रविवार चालेल ना? रविवारी बंदच असता तुम्ही."

पाक सार्जोनोंनी चहाचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"रविवारी... इंगिह, म्बाक," ते म्हणाले. इंगिह म्हणजे अदबीचं होय आणि म्बाक म्हणजे ताई. "रविवार चांगलाच आहे. फक्त कधीकधी जराशी गर्दी असते."

"रविवारी गर्दी? कधीकधी म्हणजे किती वेळा?"

"कधीकधीच."

"म्हणजे नेहमी नाही ना?"

"छे, छे. नेहमी कुठली."

"काही अडचण असेल तर आत्ताच सांगा हं! मला नंतर तक्रार नको. भांडायचं असेल तर आज भांडा, मी तयारच आहे." असं म्हणून टियुर्मा हसली.

मित्रांनो, खोलीतल्या सगळ्या माना खाली गेल्या. एवढ्या लांबून आलेली पाहुणी, घाटात बस लागून आजारी पडलेली, सगळ्यांसाठी खाऊचे डबे घेऊन आलेली. तिच्या तोंडावर 'नाही' कसं म्हणायचं? जावाच्या माणसाला एक वेळ काटा गिळता येईल, पण समोरच्याचा शब्द खाली पाडता येत नाही. शिवाय सुट्टीच्या दिवशी केंद्र उघडतो, हे वरच्या ऑफिसातून आलेल्या माणसासमोर कबूल करायचं म्हणजे आणखीच पंचाईत.

"इंगिह, म्बाक," बु विनार्सिह म्हणाली. "इंगिह, इंगिह," बाकीचेही म्हणाले.

टियुर्माच्या मुलखात ज्याला पटत नाही तो टेबलावर हात आपटतो. कोणी हात आपटला नाही, म्हणजे सगळ्यांना पटलं. तिने माझ्या एकेचाळिसाव्या ओळीत लिहिलं: रविवार, सकाळी आठ ते बारा.

मला तेव्हाच कळलं होतं. मी पडद्यावर होते आणि कॅलेंडर माझ्या पाठीमागे. रविवार आणि पोन दर पस्तीस दिवसांनी एकत्र येतात, हा हिशोब मला एका क्षणात जमतो. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझ्यात पोनसाठी ओळच नव्हती. मी गप्प राहिले. गप्प राहिले म्हणते खरी, पण मला बोलायची सोय तरी कुठे होती?

पहिला रविवार पोन आला तेव्हा मी आठच्या ठोक्याला नऊच्या नऊ संगणक बंद केले. बाहेर पायरीपर्यंत माणसं होती. कोणी ओरडलं नाही. पाक सार्जोनोंनी पडद्यावर एक कागद चिकटवला, 'आज यंत्राचा उपवास', आणि जुनं रजिस्टर काढलं. गर्दीत हशा पिकला. एक म्हातारी म्हणाली, "करू द्या बाई उपवास. पुण्य लागेल." मलाही हायसं वाटलं. वाटलं, हे लोक आता टियुर्माला फोन करतील आणि ती दोन मिनिटांत मला दुरुस्त करील.

फोन कोणी केला नाही. "पोरीने एवढी मेहनत घेतली आहे, तिला वाईट वाटेल," असं बु विनार्सिह म्हणाल्याचं मी ऐकलं. "आपण होय म्हटलं होतं की," असं पाक सार्जोनो म्हणाले. मग त्यांनी एक वही केली. रविवार पोनच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, ते माझ्यासमोर चष्मा सरसावून बसायचे आणि संगणकातून वहीत उतरवून घ्यायचे: कोणत्या बायांचे दिवस भरत आले आहेत, कोणाला काय त्रास आहे, कोणत्या रुग्णालयात खाटा रिकाम्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रुग्णालयांना स्वतःच्या फोनवरून पुन्हा एकेक फोन करून आकडे ताजे करायचे. संगणक असून वही ठेवतो याची त्यांना लाज वाटायची. कोणी साहेब आला की वही टेबलाच्या खणात जायची.

असं चार वर्षं चाललं. आणि त्या चार वर्षांत माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! जोग्याच्या ऑफिसात मोठ्या सभेत टियुर्मा मला पडद्यावर लावायची आणि म्हणायची, "हे वातुकेम्बांग बघा. चार वर्षांत एकही तक्रार नाही! सेटिंग असं करावं." लोक टाळ्या वाजवायचे. माझ्यावरून पाहून आणखी चौदा केंद्रांच्या फाईली तयार झाल्या. ज्या ओळीची मला लाज वाटत होती, तीच ओळ माझ्या बहिणींच्या अंगावर उमटताना मी पाहिली. टाळ्या ऐकून कधी रडू येतं का, मित्रांनो? मला आलं असतं, जर त्यासाठी माझ्यात एखादी ओळ असती.

पाचव्या वर्षी पाक सार्जोनो निवृत्त झाले. निरोपाला पिवळा भात झाला, भाषणं झाली. वरून आलेले साहेब म्हणाले, "आता सगळं संगणकात आहे. सोपवायचं काही राहिलेलं नाही." पाक सार्जोनो म्हणाले, "इंगिह." संध्याकाळी खण रिकामा करताना त्यांनी ती वही हातात घेतली, नव्या कारकुनाच्या टेबलाकडे पाहिलं, आणि मग ती शर्टाच्या आत घालून घरी नेली. नवा कारकून शहरातून बदलून आलेला होता. त्याचं नाव मी घेत नाही, कारण त्याचा काही दोष नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. वहीला सांगता येत नव्हतं आणि मलाही नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्याच रविवार पोनला मुर्याती आली.

मुर्याती वरच्या वाडीतली, तेवीस वर्षांची, पहिलटकरीण. आठवा महिना सरत आलेला. आईबरोबर बाजाराला उतरली होती. साडेआठच्या सुमारास ती बु विनार्सिहसमोर बसली. मोठा संगणक त्याच खोलीत असतो, म्हणून मी सगळं ऐकत होते.

"पाय किती सुजलेत गं पोरी! कधीपासून?"

"आठवडा झाला असेल, बु. उतरणीमुळे असेल."

"डोकं दुखतं का?"

"काल रात्रीपासून. पण वर थंडी आहे ना."

"डोळ्यांपुढे काजवे?"

"थोडेसेच." मुर्याती ओशाळून हसली. "आईला मासळी घ्यायची होती म्हणून आले, नाहीतर एवढ्याशासाठी कोणी येतं का?"

बु विनार्सिहने एका दंडावर रक्तदाब मोजला. मग दुसऱ्या दंडावर मोजला. मग ती उठली आणि माझ्याकडे आली. पडद्यावर निळ्या रंगात एकच वाक्य होतं: साप्ताहिक देखभाल सुरू आहे, कृपया थांबा.

"अरे बाबा, आज नको," ती हलकेच म्हणाली. तिने एक कळ दाबली. मग दुसरी. मग हातात सापडतील तेवढ्या सगळ्या. "हे उघडा कोणीतरी!"

नवा कारकून धावत आला. "बु, आज रविवार. रविवारी हा असाच असतो."

"असाच असतो म्हणजे? पोरीला आत्ता हलवायला हवं! मूल लगेच काढावं लागेल, बाळाला उबेत ठेवायला काचेची पेटी लागेल. कुठल्या रुग्णालयात पेटी रिकामी आहे ते यातच येतं ना?"

"येतं. पण उघडायचं आपल्या हातात नाही, बु. जोग्याला विचारावं लागेल."

त्याने ऑफिसला फोन लावला. रविवार, कोणी उचलला नाही. मग टियुर्माच्या फोनवर. टियुर्मा रविवारी सकाळी चर्चमध्ये असते आणि फोन बंद करून पिशवीत ठेवते. रविवारसारखा दुसरा निवांत वार नाही, असं तिला लहानपणापासून वाटत आलेलं. त्याने पुन्हा लावला, पुन्हा लावला. दरम्यान बु विनार्सिह स्वतःच्या फोनवरून रुग्णालयांचे नंबर फिरवत होती. एक नंबर बदललेला होता, दुसरीकडे कोणीतरी 'थांबा' म्हणून निघून गेलं.

आता जे सांगते ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, कारण मला कोणी विचारलेलं नाही. ती यादी माझ्या शेजारच्याच कप्प्यात होती. आठला पाच मिनिटं असताना आलेली, ताजी. उत्तरेचं रुग्णालय: काचेच्या पेट्या दोन, दोन्ही भरलेल्या. दक्षिणेचं रुग्णालय: पेट्या तीन, एक रिकामी. बस, एवढंच वाचून दाखवायचं होतं. कुलूप मी होते आणि किल्लीही मीच होते. कारभारी मला विचारत होता, पुढे ढकलता येईल का? मी म्हणत होते, नाही. दर वेळी कोणी कळ दाबली की तो पुन्हा विचारायचा आणि मी पुन्हा म्हणायचे, नाही. त्या सकाळी मी एकोणसाठ वेळा नाही म्हटलं.

शेवटी बु विनार्सिहने ठरवलं. सगळे नेहमी उत्तरेलाच जातात, तेच जवळ आहे, उत्तरेला न्या. मुर्यातीच्या कमरेखाली कोणाचं तरी जुनं बाटिकचं कापड अंथरलं. आईच्या पिशवीतून मासळीचं पुडकं पडलं, ते उचलायला ती वाकली तर बु विनार्सिह ओरडली, "राहू दे ते, बाई! चढ आधी." गाडी गेली.

उत्तरेला जागा नव्हती. तिथून गाडी मागे फिरली, वातुकेम्बांगवरूनच पुन्हा गेली आणि दक्षिणेला पोहोचली तेव्हा दुपार टळून गेली होती.

मी मात्र बरोबर बारा वाजता कुलूप काढलं. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं: देखभाल यशस्वी झाली.

मुर्याती वाचली. तिला मुलगी झाली. ती मुलगी तीन दिवस जगली. डॉक्टर म्हणाले, लवकर आली असती तर कदाचित. कदाचित नाहीसुद्धा. हा 'कदाचित' मला फार छळतो. माझ्यात सगळी उत्तरं 'हो' किंवा 'नाही' अशीच आहेत.

टियुर्माने रविवारी दुपारी फोन उघडला तर वातुकेम्बांगचे सतरा फोन येऊन गेलेले. तिने लगेच उलट फोन केला. कारकून म्हणाला, "काही नाही, म्बाक. निभावलं." सोमवारच्या अहवालातही लिहिलं होतं, तक्रार नाही. तिने बुधवारी पुन्हा फोन केला. पुन्हा, काही नाही. तेव्हा ती उसळून म्हणाली, "काही नाही म्हणून कोणी सतरा वेळा फोन करतं का?" आणि शुक्रवारी पहाटेची बस धरून ती लॅपटॉपसकट वातुकेम्बांगला आली.

त्या शुक्रवारी पोन होता.

केंद्राच्या पायऱ्यांपर्यंत गर्दी, टोपल्या, कोंबड्या. टियुर्मा दारातच थबकली. "आज काय आहे? एवढी माणसं?"

"पोन आहे ना," कोणीतरी म्हणालं, जसं काय हे सांगायची गरजच नव्हती.

ती आत आली. भिंतीवर आज पडदा नव्हता. ती कॅलेंडरासमोर उभी राहिली, तारखांवरून बोट फिरवत गेली, आणि मागच्या रविवारवर तिचं बोट थांबलं. ते दोन वार तिने एकदा वाचले, पुन्हा वाचले. मग ती तशीच मागच्या बाकावर बसली, आणि तेव्हा कुठे नव्या कारकुनाने तिला मुर्यातीची आणि बाळाची हकिकत सांगितली.

मुर्यातीची आईही तिथेच होती, कारकुनाने तिच्याकडे बोट केलं. त्या दिवशी अंथरलेलं बाटिकचं कापड धुऊन, घडी घालून परत द्यायला आली होती. पाहुणी जोग्याहून आली आहे, संगणकवाली आहे, हे कळल्यावर तिने टोपलीतली उकडलेली रताळी टियुर्मापुढे ठेवली.

"खा गं बाई. घाटातून आलीस."

"तुम्हाला ठाऊक आहे मी कोण आहे?" टियुर्मा म्हणाली. "ते यंत्र बंद पडलं ना, ते माझ्यामुळे. मी तसं लिहून ठेवलं होतं."

"असं मनाला लावून घेऊ नये. तिचा शेर तेवढाच होता. दोष कोणाचाच नाही."

"इंगिह," बाजूचे दोघे-तिघे पुटपुटले. "दोष कोणाचाच नाही."

"असं नका म्हणू!" टियुर्मा ओरडली. "पाया पडते, असं नका म्हणू. मला शिव्या द्या! कोणीतरी द्या ना!"

मग बु विनार्सिहने हातातलं रक्तदाबाचं यंत्र खाली ठेवलं. तिचा चेहरा लाल झाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच ती पाहुण्याशी अशी बोलत असावी.

"देते मग. तुम्ही विचारलंत, काही अडचण आहे का? म्बाक, पाहुण्याला अडचण कोण सांगतं? तुम्ही एक पोन आमच्यासोबत बसला असतात, तर विचारावंसुद्धा लागलं नसतं. तुम्ही दुपारच्या बसने गेलात."

"हो," टियुर्मा म्हणाली. "गेले."

"आणि आम्ही? आम्हाला तर ठाऊक होतं. चार वर्षं ठाऊक होतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलो. तुमचं मन राखलं आणि..." बु विनार्सिह मुर्यातीच्या आईच्या पायाशी बसली आणि तोंडाला पदर लावावा तसं ते बाटिकचं कापड लावून रडली. रताळी तशीच राहिली.

टियुर्माने तिथेच, बाकावर, लॅपटॉप उघडला. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसं माझं झालं. माझ्या एकेचाळिसाव्या ओळीत तिने लिहिलं: रविवार, पण पोन असेल तर नाही. बेचाळिसावीत लिहिलं: हो, जीव धोक्यात असेल तर. त्रेचाळिसावीत लिहिलं: दाई. तीन ओळी. चार मिनिटं लागली. त्याआधी कधीही बदलल्या असत्या तरी चारच मिनिटं लागली असती.

आमच्यात एक सोय असते. ओळीच्या आरंभी एक खूण घातली की ती ओळ यंत्र वाचत नाही. ती फक्त माणसांसाठी, म्हणजे पुढे येणाऱ्या माणसाला कळावं की हे असं का केलं आहे. टियुर्माने एकेचाळिसाव्या ओळीच्या डोक्यावर ती खूण घातली आणि थांबली.

"बु," तिने मुर्यातीच्या आईला विचारलं, "बाळाचं नाव काय होतं?"

"ठेवलंच नव्हतं. नाव पाचव्या दिवशी ठेवतात आमच्यात."

"मग मी काय लिहू?"

म्हातारीने विचार केला. "रविवार पोनची होती," ती म्हणाली. "वार तेवढा जन्मतःच मिळतो. तेवढाच तिचा स्वतःचा होता."

टियुर्माने लिहिलं: 'मुर्यातीच्या मुलीसाठी. रविवार पोन.'

मित्रांनो, कारभारी रोज सकाळी माझ्याकडे येतो आणि त्या ओळीवरून न थांबता पुढे जातो. त्याला ती दिसतच नाही. मला दिसते. ती माझ्या अंगावर आहे म्हणूनच मला अजून कोणी पुसलेलं नाही. पण पुढच्या वर्षी नवा कारभारी येणार आहे म्हणे, आणि त्याच्याबरोबर मला तपासायला नवा माणूस. तो हुशार असेल. एकेचाळिसावी ओळ पाहून त्याच्या कपाळाला आठी पडेल, जगात कुठेच नसलेली ही अट इथे कशाला, म्हणून. मला त्याचा हात धरता येणार नाही. त्याने पुसण्याआधी एक पोन वातुकेम्बांगला बसावं आणि विचारावं, एवढंच माझं मागणं आहे.

आणि त्याने विचारलं, तर मित्रांनो, तुम्ही तरी इंगिह म्हणू नका. काय ते सांगा.